दहावीनंतरची वाट कोणी निवडावी?

(पालक व तरुण संघ यांच्या एकत्रित अभ्यासासाठी)

वाचन : १ शमुवेल १६:१-१३, लूक १४:२८-३०

दहावीचा निकाल जवळ आला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो, "पुढे काय घेणार?" बेळगावच्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर पीयूसीच्या भाषेत द्यावे लागते. हैदराबादेत ते 'एमपीसी' की 'बायपीसी' अशा अक्षरांत द्यावे लागते. वडोदऱ्यात 'ए ग्रुप' की 'बी ग्रुप' असे विचारतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे 'मॅथ्स' की 'बायो' असे विचारतात आणि गोव्यात हायर सेकंडरीच्या शाखेचे नाव विचारतात. शब्द निरनिराळे असले तरी प्रश्न एकच आहे, आणि तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विचारला जातो. मुलाचे उत्तर येण्यापूर्वीच आत्या, मामा, शेजारी आणि उपासनेनंतर दारात भेटणारी वडीलधारी मंडळी आपापली उत्तरे देऊन मोकळी झालेली असतात.

अलीकडे हा प्रश्न आणखी खालच्या इयत्तांत उतरला आहे. सहावी-सातवीच्या मुलांसाठी 'फाउंडेशन' नावाचे क्लास निघाले आहेत. पदार्थविज्ञान म्हणजे काय हे मुलाला नीट कळण्यापूर्वीच तो डॉक्टर होणार की इंजिनिअर, हे घरात ठरून गेलेले असते. ही घाई कोठून आली, निवड चुकली तर कोणती दारे खरोखर बंद होतात, आणि घराने व मंडळीने याबाबतीत काय करावे, या तीन गोष्टींचा विचार आपण या पाठात करू.

१. ही घाई आली कोठून?

सरकारने नेमलेल्या शिक्षणतज्ज्ञांनी ही घाई सांगितलेली नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची योजना मांडली. तीत हायस्कुलातच विद्यार्थ्याने सात गटांपैकी एक गट निवडावा, अशी कल्पना होती. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ती निवड पुढे ढकलली. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण मिळावे आणि वेगळ्या वाटा त्यानंतर फुटाव्यात, असे त्याने सांगितले. आपल्याला परिचित असलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध तेथूनच आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर याहीपुढे जाऊन विज्ञान, कला व वाणिज्य यांच्यामधील भिंती कठोर असू नयेत, असे म्हटले. म्हणजे विचारवंतांनी दोनदा निवडीचा काटा पुढे सरकवला. व्यवहाराने मात्र तो मागे ओढला. असे का व्हावे?

पहिले कारण जागांच्या टंचाईचे आहे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. त्याच वर्षी सर्व आयआयटी मिळून १८ हजारांहूनही कमी जागा होत्या. अशा परीक्षेत किती गुण मिळाले यापेक्षा इतरांच्या किती पुढे आहोत याला महत्त्व असते. म्हणून शेजाऱ्याचा मुलगा अकरावीत क्लासला जातो तर आपला नववीत जावा, असे वाटू लागते. मग शेजारीही आठवीपासून सुरुवात करतो. अखेरीस सर्वच मुले सहावीपासून धावू लागतात. पण जागा तेवढ्याच राहतात. कोणालाही आघाडी मिळत नाही. खर्च होतो तो मुलांच्या खेळण्याच्या आणि वाचण्याच्या वर्षांचा.

दुसरे कारण आपल्या घरांच्या आठवणीत आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा गाव सोडून नोकरीसाठी परप्रांतात आले. त्यांच्यामागे शेती नव्हती, दुकान नव्हते. शिक्षकाची, परिचारिकेची, रेल्वेतील किंवा कचेरीतील नोकरी शिक्षणामुळे मिळाली आणि त्या नोकरीने घर उभे राहिले. ज्यांनी शिक्षणाचे असे मोल पाहिले आहे, त्यांना मुलाचे पाऊल घसरेल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. आईबाप दडपण आणतात ते बहुधा प्रेमापोटी; पण त्या प्रेमात भीती मिसळली की मुलाच्या कानावर भीतीच तेवढी पोहोचते.

२. कोणती दारे बंद होतात?

"सायन्स घेतले की सगळी दारे उघडी राहतात," हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते अर्धे खरे आहे. विज्ञान शाखेकडून कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळणे सोपे असते. उलट दिशेने येणे अवघड असते. बारावीला गणित नसेल तर अभियांत्रिकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना प्रवेश मिळत नाही. जीवशास्त्र नसेल तर वैद्यकीय परीक्षेस बसता येत नाही. एवढे मान्य केलेच पाहिजे.

परंतु वाक्याचा दुसरा अर्धा भाग कोणी बोलत नाही. दार कागदावर उघडे असणे वेगळे आणि त्यातून आत जाण्याइतके गुण मुलाजवळ असणे वेगळे. ज्या मुलाचा ओढा इतिहासाकडे किंवा भाषेकडे आहे, तो दोन वर्षे पदार्थविज्ञानाशी झगडून जेमतेम उत्तीर्ण झाला, तर त्याला अभियांत्रिकी मिळत नाहीच. पण कला शाखेच्या चांगल्या कॉलेजातही त्या गुणांवर प्रवेश मिळणे कठीण होते. सगळी दारे उघडी ठेवण्याच्या नादात त्याच्या हक्काचे दारही अर्धे लोटले जाते.

आता कोणती दारे कोणत्याही शाखेतून उघडी राहतात ते पाहा. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम सर्व शाखांना खुला आहे. सनदी अधिकाऱ्यांच्या परीक्षेस कोणतीही पदवी चालते. चार्टर्ड अकाउंटंटची पहिली परीक्षा बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास देता येते. पत्रकारिता, समाजकार्य, व्यवस्थापन, ईश्वरविज्ञान या वाटाही शाखेवर अडून राहत नाहीत. शिक्षक होण्याची वाट प्रत्येक शाखेतून जाते, कारण शाळेला सर्वच विषयांचे शिक्षक लागतात.

बंद दिसणारी काही दारेही नंतर उघडता येतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एखादा राहिलेला विषय स्वतंत्रपणे देता येतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये असेही जाहीर केले की, बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण होणाऱ्यासही नीट परीक्षेस बसता येईल.

मात्र नियम राज्याराज्यांत वेगळे असतात आणि ते बदलतात. कर्नाटकाने २०२१ मध्ये नव्या धोरणानुसार चार वर्षांचा पदवीक्रम सुरू केला आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळण घेतले. म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेला नियम बेळगावास किंवा हैदराबादेस लागू असेलच असे नाही. आपल्या राज्याचा, त्या वर्षाचा नियम स्वतः जाऊन विचारावा.

तात्पर्य, पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय महत्त्वाचा असतो, पण अखेरचा नसतो. तो अखेरचा आहे असे मुलाच्या मनावर बिंबवणे हेच खरे दडपण होय. आणि हे दडपण केवळ अभ्यासापुरते राहत नाही. राजस्थानातील कोटा शहरात २०२३ साली क्लाससाठी आलेल्या अनेक मुलांनी आपला जीव दिला. ती कोणाच्या तरी घरची हुशार, लाडकी मुले होती.

३. एक पदवीदान समारंभ आणि दोन वाटा

११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. या दोघींच्या वाटा ताडून पाहण्यासारख्या आहेत.

आनंदीबाईंची निवड लहान वयात झाली. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. आपल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळत नाही, हे दुःख त्यांनी स्वतः भोगले आणि त्यातून त्यांचा निश्चय झाला. त्या शिकल्या, पदवी घेऊन परतल्या. पण कोल्हापूरच्या रुग्णालयातील काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. लवकर केलेली निवड खोटीच असते असे नाही, हे त्यांच्याकडून शिकावे. मात्र ती निवड अंतःकरणातून आलेली असली पाहिजे.

रमाबाईंनाही डॉक्टरच व्हायचे होते. त्या हेतूने १८८३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते दार बंद झाले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांची 'लाइन' चुकली. मग त्यांनी चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकवले व स्वतःही अभ्यास केला. अमेरिकेत गेल्यावर बालशिक्षणाची किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. वैद्यकाचे दार बंद झाले म्हणून रमाबाई वाया गेल्या, असे कोण म्हणेल?

४. इशायाच्या घरातील धडा

वाचनभागात इशाय आपली मुले शमुवेलापुढे आणतो. थोरला अलियाब उंच व रुबाबदार आहे. त्याला पाहून संदेष्ट्यालाही वाटते की हाच तो. सात मुलगे पुढून जातात. आठव्याला कोणी बोलावलेलेच नाही, कारण तो मेंढरे राखत आहे. बापाने मुलांवर प्रेम केले नाही असे नाही. पण कोणाला पुढे आणावे याची यादी त्याने आधीच मनात केली होती. आपणही मुलाच्या गुणांची अशीच यादी करतो. गणितातील गुण पुढे आणतो. मुलाचा मृदू स्वभाव, हातातील कसब, लहान भावंडांना समजावून सांगण्याची हातोटी यांना मात्र मेंढरांकडेच ठेवतो.

या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. अभिषेक झाल्यावर दावीद लगेच राजवाड्यात जाऊन बसला नाही. पुढच्याच वृत्तान्तात तो पुन्हा मेंढरांजवळ सापडतो, आणि तो राजा झाला तेव्हा तीस वर्षांचा होता, असे २ शमुवेल ५:४ वरून कळते. प्रभु येशूविषयीही लूक हेच दाखवतो. बाराव्या वर्षी मंदिरात त्याला आपल्या पित्याच्या कार्याची जाणीव आहे. तरी तो आईबापांबरोबर नासरेथास परत जातो, आणि त्याची सेवा सुरू होते ती सुमारे तिसाव्या वर्षी. मधली वर्षे फुकट गेली असे शास्त्र म्हणत नाही. मार्क ६:३ मध्ये लोक त्याला सुतार म्हणून ओळखतात. पाचारण लवकर कळले तरी त्याची तयारी सावकाश होते.

५. घराने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रश्न बदलावा. "तू कोण होणार?" या प्रश्नाला पंधरा वर्षांच्या मुलाजवळ बहुधा खरे उत्तर नसते, तो आपल्याला हवे ते उत्तर देतो. त्याऐवजी विचारावे, "परीक्षा संपल्यावरही कोणते पुस्तक उघडावेसे वाटते? कोणते काम करताना वेळ कळत नाही? कोणत्या विषयाची भीती वाटते?" उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये.

दुसरी गोष्ट, काम प्रत्यक्ष दाखवावे. डॉक्टर होऊ म्हणणाऱ्या मुलीने एखादा दिवस रुग्णालयात बसून पाहावे. वकिली, बँक, कारखाना, शाळा, शेती यांपैकी निदान दोन ठिकाणी तरी मुलाने काही तास घालवावेत.

तिसरी गोष्ट, खर्चाचा हिशेब आधी मांडावा. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूने याच व्यवहारज्ञानासाठी दिला. क्लासची फी, वसतिगृह, पुस्तके, परीक्षेचे अर्ज आणि एक वर्ष पुन्हा बसावे लागले तर त्याचा खर्च, हे सर्व कागदावर लिहावे. किती वर्षे व किती रुपये, याची मर्यादा प्रवेशापूर्वीच ठरवावी. नंतर ठरवू गेल्यास आधी गेलेल्या पैशांची हळहळ आपल्याकडून आणखी पैसे घालवून घेते, आणि "तुझ्यासाठी एवढा खर्च केला" हे वाक्य मुलाला ऐकावे लागते.

चौथी गोष्ट, क्लासच्या जाहिरातींस भुलू नये. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासने प्रवेश देऊ नये, चांगल्या क्रमांकाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या मुदतीची फी परत करावी. पैसे भरण्यापूर्वी या गोष्टी विचारण्यात संकोच कसला?

पाचवी गोष्ट, माध्यमबदलाचा विचार करावा. बेळगावकडील जो मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, त्याला पीयूसीत विषय नवे, पुस्तके इंग्रजी आणि वर्गही अनोळखी असतो. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून त्याला तो विषयच जमत नाही, असा निष्कर्ष काढू नये. त्याला सहा महिने द्यावेत आणि इंग्रजीच्या मदतीची सोय करावी. हीच अडचण हिंदी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांचीही असते.

सहावी गोष्ट, परत फिरण्याची वाट मोकळी आहे हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. "मनापासून प्रयत्न कर, तरीही जमले नाही तर आपण मिळून दुसरी वाट पाहू," एवढे बापाच्या तोंडून निघालेले वाक्य मुलाला किती धीर देते! मूल बाहेरगावी वसतिगृहात असेल तर फोनवर प्रथम जेवणाखाणाची आणि झोपेची विचारपूस करावी, गुणांची मागाहून. ते बोलेनासे झाले, जेवण टाकू लागले किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे सुचवू लागले, तर क्षणभरही न थांबता त्याच्याजवळ जावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

येथे एक शंका येईल. ज्या घरात मिळकत थोडी आहे आणि पाठीमागे लहान भावंडे आहेत, त्यांनी असा सावकाश विचार कसा करावा? शंका रास्त आहे. अशा घरातील मुलाने लवकर मिळकतीची वाट धरली तर त्यात कमीपणा नाही. आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा परिचारिकेचे शिक्षण या सन्मानाच्या वाटा आहेत. पौलाने तंबू करण्याचा धंदा करून आपला चरितार्थ चालवला आणि त्याची लाज बाळगली नाही. गरजेपोटी लवकर निवड करणे हे दडपण नव्हे. मात्र ती गरज मुलाला विश्वासात घेऊन सांगावी आणि पुढे शिकण्याचे दार त्याच्यासाठी किलकिले ठेवावे.

तरुणांनाही एक शब्द सांगितला पाहिजे. "मला आवड नाही" हे वाक्य कधी खरे असते, तर कधी आळसाचे पांघरूण असते. पुष्कळ विषयांची गोडी श्रम केल्यावरच लागते. एखादा विषय सोडण्यापूर्वी आपण तो प्रामाणिकपणे अभ्यासला का, हे स्वतःला विचारा. आणि केवळ मित्राने घेतली म्हणून शाखा घेणे हेही दडपणच आहे. ते घरातून न येता बाकावरून येते इतकेच.

६. मंडळीने काय करावे?

निकालानंतरच्या रविवारी आपण अधिक गुण मिळवणाऱ्यांचा सत्कार करतो. तो अवश्य करावा. पण परीक्षेस बसलेल्या प्रत्येक मुलासाठी, अनुत्तीर्ण झालेल्यांसाठीही, नावे घेऊन प्रार्थना व्हावी. उपासनेनंतर दारात मुलांना टक्केवारी विचारण्याची सवय आपण वडीलधाऱ्यांनी सोडावी. तरुण संघाने वर्षातून दोन सायंकाळी मंडळीतीलच निरनिराळा व्यवसाय करणाऱ्यांना बोलवावे. परिचारिका, वायरमन, शिक्षिका, हिशेबनीस, वाहनचालक यांनी आपण या कामात कसे आलो हे सांगावे. त्यांतील पुष्कळजण पंधराव्या वर्षी ठरवलेल्या वाटेने आलेले नाहीत, हे मुलांच्या ध्यानी येईल, आणि ते ऐकून त्यांच्या मनावरचे ओझे हलके होईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. इशायाने दावीदाला बोलावले नव्हते. आपल्या घरातील मुलाचा कोणता गुण आपण आजवर हिशेबात धरला नाही?

२. पालकांनी सांगावे : मुलाच्या शिक्षणाविषयी आपल्याला सर्वांत मोठी भीती कशाची वाटते? तरुणांनी सांगावे : ही भीती आपल्यापर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचते?

३. आपल्या राज्यात दहावीनंतर शाखा बदलायची असल्यास नियम काय आहेत? दोघांनी चौकशी करून पुढील सभेत माहिती द्यावी.

४. रमाबाईंचे वैद्यकाचे दार बंद झाले. आपल्या ओळखीच्या कोणाच्या आयुष्यात असे घडून पुढे दुसरे कार्य उभे राहिले आहे काय?

५. शिक्षणाच्या खर्चाची मर्यादा आधी ठरवणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे होय काय? लूक १४:२८-३० च्या आधारे विचार करा.